निळ्याचा एक थेंब

भिमाजीनानांनी एखाद्या रंगाला "हाच तो" म्हटलं की तो तोच असायचा, त्यावर अपील नव्हतं. भोसरीतल्या एका लहानशा रंगकामाच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी तर नुसतं बघण्यात. पंख्यांच्या जाळ्या, कपाटांची दारं, स्कूटरचे भाग रंगून भट्टीतून बाहेर आले की नाना त्यातला एक नग नमुन्याच्या पत्र्याशेजारी धरत, मान कोंबडीसारखी तिरकी करत आणि म्हणत, "जाऊ द्या." किंवा म्हणत, "परत." मालक शिकलासवरला इंजिनिअर, पण नानांच्या "परत"पुढे त्याचंही काही चालत नसे.

मी विजयश्री. मोशीत नानांच्या घरासमोर पहिल्या मजल्यावर माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, खाली मेडिकल. नाना माझे रक्ताचे कुणी नाहीत, पण आळीतलं वडीलधारं माणूस आमच्याकडे कुणा एकाचं नसतं. त्यांच्या बायकोला, कौशल्याबाईंना, मी काकी म्हणते. बोलायला कमी आणि बघायला जास्त, अशी ती बाई.

नानांची गोष्ट सांगायची तर आधी समाधानची सांगायला हवी. समाधान बीडकडचा, वर्कशॉपमध्ये रंग कालवायचा. नानांनी सांगायचं आणि समाधाननं कालवायचं, अशी पंधरा वर्षांची जोडी. तीन वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या कपाटांची सहाशे दारं रंगायला आली. रंग हस्तिदंती. माल गेला आणि आठवड्याभरात सगळाच्या सगळा परत आला. हस्तिदंती कुठला, पाणी घातलेल्या दुधासारखा निळसर दिसत होता. मालकानं दोघांना समोर उभं केलं. समाधान म्हणाला, नानांनी निळ्याचा एक थेंब टाकायला सांगितला. नाना म्हणाले, मी सांगितलं ते बरोबर होतं, ह्याचा हात चुकला. नाना गावचे, जमीनजुमल्याचे. समाधान भाड्याच्या खोलीतला. समाधानला काढलं. सहा महिन्यांनी नाना शाल-नारळ घेऊन मानानं रिटायर झाले.

मान घेतला खरा, पण पचला नाही. काकी सांगायच्या, झोपेतसुद्धा ते दारं मोजतात. हात समाधानचा चुकला असेल तर नाना मोकळे. डोळा नानांचा चुकला असेल तर एका लेकुरवाळ्या माणसाच्या पोटावर त्यांनी पाय दिला होता. एवढाच काय तो प्रश्न होता, आणि तो काढला की नाना ताटावरून उठत. "माजा डोळा चुकायचा न्हाई," म्हणत. डोळे तपासून घ्या म्हटलं तर चप्पल घालून बाहेर.

लेस रंगवायचं खूळ माझं. हल्ली गिऱ्हाइकाला सगळं मॅचिंग लागतं. पैठणीच्या काठाला मॅचिंग, खणाला मॅचिंग, बाळाच्या कुंचीला मॅचिंग. बाजारात लेस मिळते ती एकतर पांढरी, नाहीतर अशी झगमगीत की बाळ दचकून रडावं. दोन मीटर लेस घेऊन रंगाऱ्याकडे गेलं तर तो तोंडावर हसतो. म्हणून मी मोबाइलवर बघून बघून घरच्या घरी ब्रशनं लेस रंगवायला लागले, आणि जे करून ठेवलं त्याला रंगवणं म्हणायला जीभ रेटत नाही. एके दिवशी काकींचं ब्लाउज न्यायला नाना वर आले, दोरीवरची माझी कर्तबगारी बघितली आणि म्हणाले, "विजे, होळी खेळलीस व्हय गं ह्या लेसवर?"

"तुम्ही करून दाखवा," मी म्हटलं. मला काय माहीत, हा माणूस खरंच खुर्ची ओढून बसेल.

पहिल्या दिवशी त्यांनी लेसला पत्र्यासारखं रंगवलं. एक पातळ हात, तो वाळू द्यायचा, मग दुसरा, मग तिसरा. कुठं डाग नाही, कुठं ओघळ नाही. वाळल्यावर लेस पापडासारखी ताठ उभी राहिली आणि धुतल्यावर निम्मा रंग बादलीत उतरला. मी पोट धरून हसले. नाना जिना उतरून गेले. झालं, म्हटलं, माणूस तुटला. तर दुसऱ्या दिवशी दहाला शटर उघडायच्या आधी हे पायरीवर हजर.

मग आम्ही दोघं मिळून शिकलो. सुताची लेस आहे की नायलॉनची, ते आधी टोक जाळून बघायचं. सूत कागदासारखं जळून राख होतं, नायलॉन वितळून मण्यासारखं घट्ट होतं. सुताची लेस धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवायची, पिळायची आणि फ्लेक्सच्या उलट्या बाजूवर पसरायची. फ्लेक्सला आमच्याकडे तोटा नाही, रोज कुणा ना कुणा भावी नगरसेवकाचा वाढदिवस असतो. रंग लावून झाला की लेस ओलीच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायची आणि मग पाणी स्वच्छ येईतो धुवायची. ओला रंग गडद दिसतो, वाळला की दोन पायऱ्या उतरतो, हा हिशेब मात्र डोक्यातच ठेवावा लागतो.

नानांना हे सगळं आठवड्यात आलं. आलं नाही ते एकच, रंगाला सोडणं. ओल्या सुतावर ब्रश टेकवला की रंग तिथं थांबत नाही, धाग्याधाग्यानं पुढं सरकतो, जाळीच्या एका घरातून दुसऱ्यात शिरतो आणि आपल्याला हवा तिथं नव्हे, त्याला हवा तिथं थांबतो. नानांचा जन्म ओघळ पुसण्यात गेलेला. रंग सरकला की ते फडकं घेऊन त्याच्या मागं धावायचे.

"जाऊ द्या की हो नाना त्याला."

"जाऊ द्या कसं? लाइन सुटली."

"लेसला कुठं लाइन असते?"

नानांनी फडकं बाजूला ठेवलं. मग त्यांनी ब्रश गुलाबी रंगात बुडवला, एका फुलाच्या मधोमध टेकवला आणि हात मागं घेतला. रंग हळूहळू पाकळ्यांत गेला, कडेला जाता जाता फिकट झाला आणि शेवटच्या टाक्याशी नुसती चाहूल उरली. नाना ओठ जरा उघडे ठेवून ते बघत बसले होते. एवढ्या वर्षांत त्यांना मी कधी असं गप्प, काही न नाकारता बघताना पाहिलं नव्हतं.

तिथून पुढचं वर्ष मला आठवतं ते सगळं दुपारचंच. सकाळ नाही, रात्र नाही, एक लांबच लांब दुपार. दुकानाच्या गॅलरीत तीन दोऱ्या, त्यांवर लेसच लेस. इंद्रायणीकडून वारा आला की सगळ्या एकदम उठायच्या आणि एकदम बसायच्या. खाली नाशिक रोडवर बस, कंटेनर, शिफ्टच्या गाड्या यांचा गोंगाट चाललेला असायचा, पण वर येईपर्यंत त्याची गाज व्हायची, आणि त्या गाजेत मशीनवर बसल्या बसल्या माझे डोळे मिटायचे. डोळे उघडले की नाना तसेच, ब्रश हातात, आणि लेसवर आधी नसलेलं काहीतरी उगवलेलं.

वर्कशॉपमध्ये ते रंगांना नंबरांनी ओळखायचे. लेसवर आल्यापासून नंबर गळून पडले. "ही करडई," म्हणायचे. "ही गाजराच्या पाल्याची हिरवी." एकदा एका निळ्याकडे बघून म्हणाले, "हे जवस. तुज्या खालचं मेडिकल हाय न्हवं, तितं आमचा जवस असायचा. सकाळी फुलायचा, दुपारी फूल गळून पडायचं. म्हातारी म्हणायची, जवस बघायचा तर न्याहारीच्या आदी बघावा."

"आणि समोरची बिल्डिंग?"

"पार्किंग हाय तितं हरभरा. लिफ्ट हाय तितं हीर." मग थोड्या वेळानं, "पलीकडं सगळा कांदा. बी धरायला सोडलेला. पांढरे गोंडे ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत, अन वर मदमाश्या."

ते सांगत राहायचे आणि माझ्या डोळ्यांसमोरून एकेक इमारत जमिनीत उतरून जायची. गॅलरीतून बघितलं तर खरंच वाटायचं, आता लिफ्टच्या जागी कुणीतरी मोट हाकत असेल. मी या गावात जन्मले, पण हे गाव मला कुणी दाखवलं नव्हतं. मला त्या दुपारी फार आवडायच्या, हे आता सांगायला हरकत नाही.

नानांनाही आवडत असाव्यात. एकदा म्हणाले, "विजे, हल्ली दिवसभर कसं दिवेलागणीसारखं वाटतं. ऊन टोचतच न्हाई. सगळं मऊ, सोनेरी." मी म्हटलं, रिटायर झालात, मन निवांत झालं. मला काय ठाऊक, मी एका आजाराचं कौतुक करत होते.

त्यांच्या लेसला मागणी आली. विशेषतः पांढऱ्या घराण्यातल्या रंगांना, म्हणजे साय, मोती, हस्तिदंती, फिकट बदामी. नाना त्या प्रत्येकात शेवटी निळ्याचा एक थेंब टाकायचे. वर्कशॉपची जुनी रीत. पांढऱ्यात पिवळी झाक आली की निळ्याच्या थेंबानं मारायची, आपण धुण्याला नीळ देतो तशी. पण पिवळी झाक असायला तर हवी? मला लेस निळसर दिसायची. चांदण्यात वाळत घातल्यासारखी. बायकांना ती फार आवडायची, असा रंग कुठंच मिळत नाही म्हणायच्या, आणि मीही गप्प बसले. विकलं जातंय, चाललंय, कशाला बोला.

काकी मात्र आधीपासून बघत होत्या. नाना वर्षभर कुरकुरत होते की सदरे पिवळे पडलेत, नीट धू. काकी नीळ वाढवत गेल्या. अजून पिवळे, म्हणून अजून नीळ. शेवटी सदरे दोरीवर असे दिसायला लागले की बाजारात एकानं विचारलं, नाना, कोणत्या पार्टीत गेलात? नाना म्हणाले, पांढराशुभ्र सदरा हाय, डोळे तपासून घे.

आणि मग मोनिका आली. नव्या सोसायटीत राहणारी, हिंजवडीला नोकरी, माहेर चिपळूणचं. तिच्या हातात एक कुंची होती, तिच्या आजीनं शिवलेली, घरातल्या दोन पिढ्यांच्या डोक्यावरून फिरलेली. नव्या बाळाला पहिलं कापड जुनं घालायचं असतं, मऊ आणि घरातल्यांच्या अंगाचं, म्हणून बहिणीच्या बाळासाठी ती तिला हवी होती. कुंचीच्या कडेची लेस अर्धी झिजून गेली होती. उरलेली अर्धी जुनी होऊन अशी पिकली होती, सायीहून जरा गडद, तुपाहून जरा फिकी. तिला उरलेल्या अर्ध्या कडेला तशीच लेस हवी होती. बारशाला दहा दिवस होते.

"चार दिवसांत देतो," नाना म्हणाले. "हस्तिदंती माजा हातचा मळ हाय."

पहिला तुकडा बघून मोनिका संकोचानं म्हणाली, "छान आहे हो, पण जरा निळसर वाटते का?" नाना हसले. दुसरा तुकडा केला. "अजून निळसरच आहे." तिसऱ्या वेळी नाना चिडले. तुझ्या घरची ट्यूब बदल म्हणाले, मोबाइल बघून बघून तुमचे डोळे गेलेत म्हणाले. जुन्या लेसचा आणि नव्या लेसचा, दोन्ही तुकडे घेऊन गॅलरीत उन्हात गेले, शेजारी शेजारी धरले, मान तिरकी केली. "हाच तो," ते म्हणाले. "सेम टू सेम."

माझ्या हातात कात्री होती. मी उन्हात ते दोन तुकडे बघत होते, एक तुपाचा आणि एक चांदण्याचा. आणि मला सहाशे दारं दिसायला लागली.

मोनिका गेल्यावर काकी आल्या. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण जिन्यात मोनिका भेटली असावी. त्यांनी माझ्या टेबलावर काळं अस्तर पसरलं. कुंचीच्या झिजलेल्या लेसचा बोटभर सुटा तुकडा ठेवला. माझ्या रिळातून बोटभर कोरी लेस कापली, रंगाचं पाणीही न लागलेली, पांढरीफेक, आणि ती शेजारी ठेवली. मग नानांना म्हणाल्या, "ह्यातली जुनी कंची, सांगा."

"कसला पोरखेळ हाय?"

"सांगा तर."

नाना वाकले. आधी सहज, मग जास्त. चष्मा पुसला. तुकड्यांना हात लावायला गेले, तर काकींनी हात धरला. "हात न्हाई लावायचा. निस्तं बगून."

मी मशीनवर बसल्या बसल्या देवाला म्हणत होते, एवढं एक बरोबर येऊ दे. पन्नास टक्के तर चान्स होता. नानांनी बोट दाखवलं ते कोऱ्या लेसकडे.

काकींनी त्यांचा हात सोडला. नानांनी आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना कळलं. ते खुर्चीत मागं टेकले. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. त्यांनी एकच शब्द उच्चारला. "समाधान."

मी माझ्या फटकळपणासाठी आळीत प्रसिद्ध आहे. तरीही बायकांना आवडतंय म्हणून मी वर्षभर गप्प बसले होते, आणि त्या गप्प बसण्याची लाज वाटत होती. मोनिकाची लेस मीच रंगवली, पिवळ्यात चिमूटभर तपकिरी घालून, निळा न घालता. चांगली झाली. त्याचा आनंद काही झाला नाही.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, उजवा जास्त पिकलेला. बरीच वर्षं हळूहळू वाढत असणार, म्हणाले, रोज बघणाऱ्याला कळत नाही. उजव्याचं ऑपरेशन आधी झालं. पट्टी निघाल्यावर चौथ्या दिवशी नाना गॅलरीत आले, काळा चष्मा काढून हातात धरला आणि दोऱ्यांवरच्या लेसकडे बघायला लागले. मग त्यांनी डावा डोळा हातानं झाकला. मग उजवा झाकला. पुन्हा डावा. लहान मुलं करतात तसं, पुन्हा पुन्हा.

"विजे," ते म्हणाले, "ह्या डोळ्यात संध्याकाळ हाय. अन ह्या डोळ्यात सकाळ."

मीही उगाच एक डोळा झाकून बघितलं. माझ्या दोन्ही डोळ्यांत तीच दुपार होती. ते मात्र उभे होते दोन दुपारींच्या मधे. डाव्या डोळ्यात सगळं सोनेरी, मऊ, करडईचं, जुन्या मोशीचं. उजव्यात समोरची बिल्डिंग करकरीत पांढरी, लिफ्टचा पत्रा, निळं आभाळ. किती तरी वेळ ते एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जात-येत राहिले. मला वाटलं, ह्यांना डाव्या डोळ्यातच राहू द्यावं. तिथं जवस आहे, मधमाश्या आहेत आणि तिथं त्यांची चूक झालेली नाही.

शेवटी त्यांनी डावा डोळा झाकला तो झाकलाच. एकेक लेस उजव्या डोळ्यानं बघत गेले. साय, मोती, बदामी. "निळी," म्हणाले. "ही बी निळी. ही बी." शेवटच्या दोरीपर्यंत गेले. मग स्वतःच्या सदऱ्याची बाही वर करून बघितली आणि दाराशी उभ्या काकींकडे बघून म्हणाले, "अगं, मला तू पार किसनदेव करून टाकलंस की." काकी हसल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गाडी काढायला लावली. आधी भोसरीला. वर्कशॉपमध्ये चहाची सुट्टी होती, सगळे बाहेर उभे होते. नानांनी मालकाला सगळ्यांसमोर सांगितलं, त्या लॉटला चूक माझी होती, माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता, समाधानचा हात बरोबर होता. मालकानं त्यांना खुर्ची दिली. म्हणाला, नाना, जुनी गोष्ट झाली, आता तर आपण रंग मोजायचं मशीन घेतलंय, बघायलाही माणूस लागत नाही आणि कालवायलाही. चहा घ्या. नानांनी चहा घेतला नाही. समाधानचा पत्ता घेतला.

समाधान आता महाळुंग्यात होता. एका गोडाऊनमध्ये ठेकेदाराकडे माल चढवायचं काम, आणि मागच्या गल्लीत दहा बाय दहाची खोली. आम्ही गेलो तेव्हा तो नुकताच शिफ्टवरून आला होता. नानांना दारात बघून तो उठला, अंगात शर्ट घातला, बायकोला हाक मारली. "आम्रपाली, नाना आलेत." जणू कालच भेटले होते. त्यानं एकुलती खुर्ची पुढं केली. नाना बसले नाहीत.

"समाधान, चूक माजी होती," ते उभ्यानंच म्हणाले. "डोळ्यात मोतीबिंदू होता. मला पांढरं कळत न्हवतं, पिवळं कळत न्हवतं. तुजा हात बरोबर होता. मालकालाबी सांगून आलोय, सगळ्यांम्होरं. पर तितं आता मशीन हाय. तुला परत न्हाई मिळायचं तिथलं काम." त्यांनी हात जोडले. "माफी मागायला आलोय."

समाधान खाली बघत होता. आम्रपाली स्टोजवळ उभी होती, तिनं भांडं हातात तसंच धरलं होतं.

"मला म्हाईत होतं, नाना," समाधान म्हणाला.

"काय?"

"तुमच्या डोळ्याचं. त्या लॉटच्या आधी चार वर्सं म्हाईत होतं. पांढऱ्यातलं काय बी आलं की तुमी निळा टाक म्हणायचे. मी तुमच्या समोर टाकायचो. तुमी तिकडं गेले की पिवळा मारून सारखं करायचो. मग माल बरोबर जायचा."

नानांनी खुर्चीची पाठ धरली. "चार वर्सं?"

"आता किती लॉट झाले असतील, मोजले न्हाईत."

"मग कुणाला बोलला का न्हाईस? मला तरी?"

"तुमाला काय बोलू? मला रंग तुमीच शिकवला." त्यानं शर्टाचं बटण लावलं. "मालकाला बोललो असतो तर तुमाला रंग बगायच्या कामावरनं काढलं असतं. तुमची चार-पाच वर्सं राहिली व्हती. म्हणलं, निगतील अशीच."

बाहेर गल्लीतून एक कंटेनर गेला आणि खोलीची भिंत थरथरली. नाना हळूच म्हणाले, "मग त्या दारांच्या टायमाला का न्हाई मारलास पिवळा?"

"त्या दिवशी तुमी हललेच न्हाई नाना डब्यापासनं. मी म्हणलं बी, निळा नको वाटतो. तर तुमी सगळ्यासमोर विचारलं मला, माझ्या डोळ्यावर विश्वास न्हाई का?" समाधाननं पहिल्यांदा मान वर केली. "मी म्हणलं, हाय."

नाना खुर्चीवर बसले. त्यांनी काळा चष्मा काढला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत. समाधान त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसला, हात कुठं ठेवावा ते त्याला कळेना, शेवटी त्यानं तो त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. ऑपरेशनच्या डोळ्याला महिनाभर पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, आणि लक्ष ठेवायचं काम काकींनी माझ्यावर सोपवलं होतं. मी तोंड फिरवून गल्लीत बघत राहिले.